गुडघ्याऐवजी

मी मागितला होता गुडघ्याला आराम.
दर शुक्रवारी, रुवीच्या चर्चात
(इथं रविवार शुक्रवारी येतो, त्याला कोण काय करणार),
मागच्या बाकावर, जिथं हाताला भिंत मिळते.
वय चोपन्न, मुलाची फी बाकी,
नवरा जाऊन सहा वर्षं.
गळा मी मागितलाच नव्हता.

गळ्याचं प्रकरण जालन्यातच मिटलं होतं.
बारा वर्षांची असताना नाताळच्या गायनमंडळातून
शांतवन मास्तरांनी हाताला धरून बाहेर काढलं:
"येमिमा, तुझा आवाज पातेलं पडल्यासारखा.
तू मेणबत्त्या धर."
धरल्या. बेचाळीस नाताळ.

मग त्या जुलैत पेटीवाले पगारे सुट्टीवर गेले.
एसी बंद. पास्टर म्हणाले, कोणीतरी सुरू करा.
सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.
मला उकडत होतं.
लवकर आटपावं म्हणून मी तोंड उघडलं.

काय झालं ते नीट सांगता येत नाही.
पोहरा सोडावा आणि दोर संपतच नाही,
तसं काहीसं.
वर आलं ते पाणी माझ्याच विहिरीचं,
पण मी ते कधी प्यायले नव्हते.
पगाऱ्यांचं धाकटं रडायचं थांबलं.
आणि पलीकडून भिंतीवर थाप पडली.
मी गप्प. वाटलं, तक्रार.

पलीकडच्या हॉलात कोरियन मंडळी असतात.
त्यांच्या पास्टरची बायको, सुन-ही, दारात उभी.
न विचारता तिनं माझ्या बरगड्यांवर तळवा ठेवला.
"परत," म्हणाली.
आणि मग, बऱ्याच वेळानं,
"आवाज मोठा नाही तुझा. खोल्या लहान होत्या."

याला ऑपेरा म्हणतात, हे तिनंच सांगितलं.
मी म्हणाले, बाई, मी भाकऱ्या भाजणारी,
टीव्हीवर जाडजूड बायका किंचाळतात तेवढंच मला माहीत.
तिनं माझ्या कमरेकडे पाहिलं.
"मग झालं की."

आता इटालियन शब्द विजेच्या बिलामागे
देवनागरीत लिहून घेते. अर्धे चुकतात.
'र' इतका लोळवायचा की जीभ जड होते.
पहाटेची बांग एका श्वासात किती लांब जाते
ते पांघरुणातच बोटांवर मोजते;
माझा श्वास दोन बोटं कमी पडतो.
मग प्रार्थना, मग तोंड धुणं,
मग बीबी झुवैनाच्या स्वयंपाकघरात तो 'आ',
खजुराच्या बरण्या थरथरेपर्यंत.

रत्नमालेला फोनवर ऐकवलं.
बहीण माझी, बराच वेळ बोललीच नाही.
मग हळूच, "कोण वारलं गं?"
"कोणी नाही. गातेय मी."
"तू?" आणि लगेच, "गुडघा कसा आहे?"

गुडघा तसाच आहे. जिन्यावर कुरकुरतो.
कधी देवाला म्हणते, तुझी खिडकी चुकली का रे?
अर्ज एकाचा, हातात कागद दुसऱ्याचा.
व्हिसाच्या कचेरीत असं झालं की परत करायला लावतात.
मी मात्र चटकन सही केली
आणि पिशवीत घातला.

बीबीची नव्वदी उलटलीय, ऐकू कमीच येतं.
काठी फरशीवर दोनदा, म्हणजे चहा.
तीनदा, म्हणजे गोळ्या.
काल मी त्या उंच जागी पोचले
जिथं डोळ्यांच्या मागे गार वाटतं
आणि खिडकीतले बोडके डोंगर
जरा मागे सरकून उभे राहतात.
सूर सोडला. टेकून उभी राहिले.
आतून काठी वाजली,
चार वेळा.

चारचं आमचं काही ठरलेलं नव्हतं.

मी गॅस बारीक केला.