खोक्यासकट

तेहतीस वर्षं वजनांवर शिक्के मारले मी
इतवारीत, कॉटन मार्केटात, सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात.
पारड्याखाली चिंच चिकटवलेली असली
तर दांडीच्या नुसत्या थरथरीवरून सांगायचो.
खोटं वजन पकडता येतं.
खोटा भाव कुठल्या बाजूनं धरायचा
हे खात्यानं शिकवलं नाही.

परवा कूलर बंद पडला. पारा पंचेचाळीसवर.
रज्जाक आला, जाळी काढली, म्हणाला, "पंप गेला, काका."
तेवढं मलाही कळलं होतं.
"यायचे तीनशे. पंपाचे अलग. ताट्या बदलायच्या तर त्याचे अलग."
मी म्हटलं, बाबा, जायचे किती?
तो हसला नाही.
माठातलं दोन गिलास पाणी प्यायला, उभ्यानंच,
आणि त्याची मानेवरची कातडी
उन्हानं वांग्यासारखी झालेली दिसली.
तीनशे दिले. पावती मागितली नाही.

पोह्यांवर तर्री पूर्वी मागावी तेवढी.
आता दुसऱ्या पळीचे दहा रुपये,
पाटीवर लिहून ठेवलंय, लाल अक्षरात,
त्यामुळं भांडताही येत नाही.

पण साहूच्या दुकानात मी भांडलो.
संत्रा बर्फी, सातशे ऐंशी रुपये किलो.
पोरानं खोकं काट्यावर ठेवलं, मग बर्फी भरली.
घरी येऊन रिकामं खोकं तोललं: चौसष्ट ग्रॅम.
म्हणजे पुठ्ठ्याचे पन्नास रुपये, आठ पैसे कमी.
तसाच स्कूटर काढून परत गेलो.
हा गुन्हा आहे, म्हटलं. कलम सांगितलं.
मागचं गिऱ्हाईक घड्याळ बघत म्हणालं,
"पन्नास रुपयांसाठी का खोळंबा करून राहिले भाऊ?"
पोरगं मात्र शांतपणे खोकं उलटं करून म्हणालं,
"काका, मलेबी सारं खोक्यासकटच भेटते.
खोया बारदान्यासकट, दुकान पायरीसकट.
पायरीवर मी का विकू?"

यावर कलम नव्हतं.

रात्री मुलीच्या बेशातल्या फ्लॅटचे कागद काढले.
नऊशे चाळीस फूट लिहिलेत. टेप लावून मी मोजले होते, सहाशे बारा.
उरलेल्यात जिना, लिफ्ट,
आणि चौकीदाराची खुर्ची ठेवायची जागा.
ती दर महिन्याला त्या खुर्चीचा हप्ता भरते
आणि चौकीदार बसतो बाहेर, लिंबाखाली.
तेव्हा मी तिथं पेढे वाटले होते.
तेही, आता आठवतं, खोक्यासकटच घेतले असणार.

हेमलतानं विचारलं, "पेट्रोल किती जाळलं?"
चाळीसचं. पार्किंगचे वीस.
"मग दहा रुपये आठ पैसे तुम्हीच देणं लागता," म्हणाली,
आणि बर्फीचा शेवटचा तुकडा मला न विचारता खाल्ला.

खोकं तिनं फेकलं नाही.
पुसून, उन्हात ठेवून, त्यात बटणं भरली,
माझ्या खाकी बुशशर्टांची सुद्धा.
बर्फी दोन दिवसांत संपली.
खोकं कपाटात आहे.
कधी कधी मी ते उचलून बघतो, हातानंच,
सवय जात नाही.