दोन खाड्यांमधला सडा

सुकतीला अजून दीड तास होता.
बुधाजी कुबलांनी होडकं कांदळाच्या मुळांत खुपसलं
आणि मी जाळं बांधलं, केसाहून बारीक दोऱ्यांचं,
चिपीच्या दोन झाडांमध्ये, पाण्याच्या वाटेवर.

पांढऱ्या कंठीचा खंड्या येताना दिसलाच नाही.
जाळ्याला एकदम वजन आलं.
मुठीत धरला तर लहान बांगड्याएवढा,
त्यातलं निम्मं चोचीत, उरलेलं रागात.

पंखाखाली कोपरापाशी एक निळसर शीर असते.
सुईचं टोक, आणि कागदावर ठिपका,
कुंकवाएवढा.
खाली लिहिलं: आचरा, नर, सतरा. भरतीची वेळ.

"एवढ्याश्या थेंबात काय गावता?"
सोयरीक, मी म्हटलं. कोण कुणाचा,
किती पिढ्यांमागे, कुठल्या खाडीतून.
"मगे आमच्या गुरवाक इचारूचा मा,
सुयेची गरज काय?"

वर्षभर हेच.
विजयदुर्ग, जैतापूर. जयगडला दोनदा.
दाभोळात जाळं वाहून गेलं.
बाणकोटला चार दिवस डासांत बसून एकच हाती लागला,
तोही बोटाचं सालटं काढून.

मार्चमध्ये पुण्याहून तक्ता आला.
ठिपकेच ठिपके, रक्ताने जवळचे ते जवळ बसवलेले.
आचरा आणि कालावल एकमेकांत मिसळलेले,
एका वाडीतल्या घरांसारखे.
जैतापूर जरा सुटं. जयगड वर.
दाभोळ त्याहून वर, आपल्यातच.
मी कागद उभा धरला
आणि मला किनारा दिसला, सगळ्या वळणांसकट,
ज्यांनी नकाशा कधी पाहिला नाही त्यांनी काढलेला.

मध्ये काय आहे, तर सडा.
एप्रिलात अनवाणी पाय टेकवत नाही असा कातळ,
गवत वाळून पांढरं झालेलं, सावली नावालाही नाही.
"सड्यार पाणी नाय, निवटी नाय, कुर्ली नाय.
खंड्यो थय जावन काय खातलो?"
हे एवढंच मी प्रबंधात
अठरा पानं लावून लिहिलं.

तक्त्याच्या तळाशी आणखी एक जुनी गोष्ट आहे,
तिच्यावर माझा अर्धाच विश्वास बसतो.
की जग कधीतरी गारठलं होतं,
समुद्र कित्येक कोस मागे सरला होता,
पाऊस आटला, तिवर तुटपुंजा उरला
आणि त्यात खंड्येही थोडेच.
त्या थोड्यांची खूण आजही सगळ्यांच्या रक्तात सापडते.
मग पाणी चढलं. नद्यांच्या तोंडात शिरलं.
खाड्या झाल्या,
आणि जो जिथे बसला होता तिथला झाला.

माझी आई जयगडची.
लग्न होऊन आचऱ्याला आली, त्याला चाळीस वर्षं झाली,
पाणी उतरायला लागलं की अजून 'ओहोट' म्हणते.
शेजारणी 'सुकती' म्हणतात.
मी समोर कोण आहे ते बघून बोलते.
पाखरांतही बहुधा माद्याच लांब जातात.

नमुना बेचाळीस.
कालावलच्या खाडीत पकडलेली मादी,
रक्त मात्र जयगडचं.
चूक असेल म्हणून दुसऱ्यांदा तपासून घेतलं.
तेच.

बुधाजींना सांगितलं तेव्हा ते जाळं विणत होते.
"पळान इली आसतली," म्हणाले, न हसता.
चार गाठी मारून झाल्यावर मान वर केली.
"पण वाटेर खय रवली गे ती?"

मी घरी येऊन नकाशावर बोट फिरवत राहिले.
कुणकेश्वरच्या अलीकडे एक ओहोळ आहे,
कोळंबीच्या तळ्यासाठी दोन्ही काठ साफ केलेले.
बांधाच्या बाहेर पाच-सहा चिपी राहून गेल्यात,
बहुतेक कंत्राटदाराच्या नजरेतून सुटल्या म्हणून.

त्या ओहोळाला नाव नाही.
माझ्या तक्त्यात त्याच्यासाठी रकानाही नाही.