ऊर्फ

रबाळ्याला, चौथ्या मजल्यावर, रात्री साडेनऊला
मी सतराव्या शतकात शिरते.
फोन बाहेर लॉकरमध्ये, डोळ्यांत थेंब घालून.
स्क्रीनवर मेरीलँडच्या कोर्टाची पानं,
शाई मागून पुढे झिरपलेली,
आणि त्यांचा एस असा, की एफ वाटावा.
पहिला महिना सगळ्यांचा रडण्यात जातो.
माझा नाही गेला.
तलाठ्याचं अक्षर लावत वाढलेल्या मुलीला
काय अवघड?

गिऱ्हाईक : लोरेटा ट्रस्कॉट, ओहायो.
हवा आहे : मूळ पुरुष,
बोटीतून उतरलेला, तंबाखू पिकवलेला,
जमल्यास घराण्याच्या ढालीसकट.
पॅकेज सोनेरी.

मूळ पुरुष सापडला अकराव्या रात्री.
सापडला म्हणजे मेलेला सापडला.
माणूस गेला की शेजारी येतात,
घरातलं एकेक उचलून किंमत लावतात :
पिसांची गादी एक.
लोखंडी भांडी दोन, पैकी एक फुटकं.
म्हातारी घोडी.
तंबाखू नऊशे पौंड, ओलसर.
पूर्व इंडियाचा पोरगा एक, पीटर म्हणतात,
अंदाजे सोळा, नजर अधू.
नांगर.

ओलसर तंबाखू आणि नांगर यांच्यामध्ये
तो उभा होता. मी कर्सर तिथेच ठेवला.
फॉर्मवर खाना : जन्मस्थळ.
यादीत स्कॉटलंडची खेडीसुद्धा आहेत.
याच्यासाठी ‘अज्ञात’,
ते आपोआप भरलं जातं.

सुरतेचा असेल, मलबारचा, बंगालचा.
आमच्याच खाडीतून गेला असेल, असं म्हणायचा मोह
मी चहाबरोबर गिळला.
पुरावा नाही. आणि पुराव्याचं काय असतं
ते आमच्या घराला विचारा.

घणसोली गावठाण. जमीन गेली तेव्हा
नोटिशीत आजोबा पांडू गोमा.
ते होते पोशा गोमा.
कारकुनाला घाई असेल,
किंवा पोशा हे नाव त्याला नाव वाटलं नसेल.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी
बाबा अठरा वर्षं एकच वाक्य घेऊन फिरले,
बेलापूर, ठाण्याची कलेक्टर कचेरी, पुन्हा बेलापूर :
पोशा ऊर्फ पांडू ही दोन्ही नावे एकाच इसमाची.
मिठागरात चिरलेल्या टाचाही एकाच इसमाच्या,
ते स्टँपपेपरवर बसत नव्हतं.
आजोबा ओट्यावरून म्हणायचे,
“मना आख्खा गाव वलखतं,
यो कागदच वलखं नाय.”

ट्रस्कॉटबाईंनी थुंकी तपासून घेतलेली होती.
निकालात दीड टक्का दक्षिण आशिया.
त्यांनी विचारलं, प्रयोगशाळेची चूक का?
साडेबारा टक्क्यांत वाढलेल्या मला
दीड काही कमी वाटला नाही.
मी पीटरची ओळ पाठवली,
आणि सहा वर्षांनंतरची दुसरी :
ट्रस्कॉटच्या धाकट्या मुलीला दंड.
मूल झालं. बाप कोण, सांगत नाही.
दोन ओळींमधली मोकळी जागा
मी भरली नाही. ते माझं काम नाही.

तीन आठवडे काही नाही.
वैजनाथ म्हणाला, गेलं तुझं सोनेरी पॅकेज,
पैसे परत मागणार ती.

मग एका पहाटे, चारच्या सुमारास,
एकच वाक्य :
“पीटर हे त्याचं खरं नाव नसणार, ना?”

नसणारच. पण काय होतं
ते मेरीलँडने विचारलं नाही.
ढालीबद्दल बाई पुन्हा बोलल्या नाहीत.
मी लिहिलं, माहीत नाही.
तेवढंच लिहून बसले थोडा वेळ,
एसीच्या गार झोतात, ओढणी कानांवर घेऊन.

मग फॉर्म उघडला.
नाव : पीटर. त्याच्यापुढे
आमच्या घरात झिजलेला तो शब्द टाकला, ऊर्फ,
आणि पुढची जागा सोडली.

सिस्टीमने तांबडी रेघ मारली : खाना अपूर्ण.
हो, म्हटलं.
खाली साडेपाचची गाडी हॉर्न देत होती.