बावीस बाय तेरा

नत्थू पिंपळशेंडेच्या शेडमध्ये, जिनिंगसमोर,
भिंतीला टेकून पाच रेडिएटर:
एक ट्रकचा, एक हार्वेस्टरचा,
एक कुणाच्या तरी वरातीत बंद पडलेल्या जीपचा,
दोन कुणाचे ते त्यालाही आठवत नाही.

मी ट्रकच्या रेडिएटरवर हात ठेवला.
नळ्यांच्या चार रांगा, पितळी टाक्या, वजन वासराएवढं.
"हाच बसवू, नत्थूभाऊ. मोठा तो बरा."

बाहेर उन्हात माझी गाडी, बेडकासारखी दबून बसलेली,
दोन माणसांची, जमिनीपासून वीतभर,
आयटीआयच्या भंगारातल्या पाइपांवर
सहा वर्षं रविवारी रविवारी वाढलेली.
इंजिन कुणाच्या तरी अपघातातून आलेलं, टर्बोसकट.
वणीपासून चार किलोमीटर गेलं
की काटा लाल.

त्यानं ट्रकच्या रेडिएटरकडे पाहिलंच नाही.
गाडीच्या नाकात कोपरापर्यंत हात घातला,
गाभण गाय तपासणाऱ्या डॉक्टरसारखा.
"तुह्या घरी कूलर हाय ना?"
आहे.
"वाळा किती भरतं?"

पहिल्या वर्षी दाबून भरला होता.
दुप्पट वाळा, दुप्पट गारवा.
पंखा रात्रभर धापा टाकत राहिला
आणि सासूबाई उशी घेऊन अंगणात गेल्या.

"मंग?"
मी हात काढून घेतला.

"जाडी नको पाहू, तोंड पाह्य.
जेवढं तोंड, तेवढी हवा.
आन् आत गेलेली हवा निंगन कुठून, तेबी पाह्य.
दारं-खिडक्या लावून कूलर चालवते का कोणी?"

मी वही उघडली. मी शिकवतो, मला वही लागते.
जेवढी ताकद चाकांना, जवळपास तेवढीच आच पाण्याला;
त्यावरून रुंदी बावीस, उंची बारा.
"हे किती अंशाचं गणित?"
तीस.
त्यानं शेडबाहेर पाहिलं.
पत्र्यावर बसलेला कावळा चोच उघडी टाकून होता.
मग कोळशाच्या खड्यानं माझ्या बाराचे तेरा केले.
"सेहेचाळीसचा एक इंच," म्हणाला.

पण नाकाची उंची साडेनऊ.
"मंग झोपव त्याले. उभंच राहाव असं कोनं सांगतलं?"

जुन्या रेडिएटरच्या फटींतून त्यानं
चिमट्यानं एक काळी लोकर ओढून काढली.
हिवाळ्यातला कापूस, वर्षभराचा कोळसा;
वणीचा अख्खा सातबारा त्या जाळीत.
"इंचाले अठरा पत्त्या देतेत कंपनीवाले.
इथं त्याची गोधडी होते. बारा ठेव."

दोन दिवस लागले.
कडेच्या फटी त्यानं तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून बुजवल्या,
बोटही जाणार नाही इतक्या.
हवा लय कामचुकार, तो म्हणत होता,
सोपी वाट दिसली का जाळीत घुसतच नाही.

दुपारी दोनला फाटक पडलं.
पुढे कोळशाचे ट्रक, मागे कोळशाचे ट्रक,
रुळांवर मालगाडी, तीही कोळशाचीच.
वारा नाही. वेग नाही. आता जे काही ते पंख्याचं.
काटा अर्ध्यावर आला.
अर्धा ओलांडला.
मी वाघिणी मोजू लागलो, सव्वीसपर्यंत मोजल्या,
तेव्हा पंखा कटकन लागला
आणि काटा पाऊण घराच्या अलीकडे
उभा राहिला.

मी ओरडलोच.

नत्थूभाऊ शेजारी, गुडघे हनुवटीला लागलेले,
काट्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.
तो कान देऊन होता.
"थांबला," म्हणाला, "पन खुशीनं नाही थांबला.
गरम हवा आत कोंडून रायली.
उद्या बोनेटले मांगून भोक पाडू."

फाटक उघडलं, ट्रक हलले,
मागून हॉर्न सुरू झाले.

"आन् आता मले घरी नेऊन
ह्या खड्ड्यातून बाहेर काढ.
माह्या गुडघ्याचंबी पानी तापलं."