नऊ चक्रवाक

त्र्यंबक डेहनकरांच्या प्रत्येक ईमेलखाली
अक्षरांचा एक ठोकळा असायचा.
सहा-सात ओळी, ना मराठी ना इंग्रजी,
टाइपरायटरवरून मांजर चालून गेल्यासारख्या.
"काका, हा कचरा काढा नं,"
वर्ध्याचे बोबडे मास्तर दर हिवाळ्यात लिहायचे.
काका काढत नसत.

कारण एका डिसेंबरात
पारडगावच्या तलावावर त्यांनी मोजले होते
नऊ चक्रवाक.
माकडटोपी, काखेत थर्मास, दोनदा मोजून
नऊ.
बावीस जणांना आकडा गेला
आणि कुणाकडून कुणाकडे जाताना
नवाला एक शून्य चिकटलं.
खाली नाव त्यांचंच.
पेपरात नव्वद, शाळेच्या फळ्यावर नव्वद,
रविवारी तीन बस भरून माणसं नागपुरातून,
आणि पाणी रिकामं.
"कुठी आहेत बाप्पा तुमचे नव्वद?"
महालेखाकारांच्या कचेरीत चौतीस वर्षं
दुसऱ्यांची शून्यं तपासलेला माणूस
थर्मासचं झाकण लावत राहिला.

मग ते शिकले, एकाहत्तराव्या वर्षी.
मलाही शिकवलं, गोकुळपेठेच्या बाजारात,
मेथीची जुडी हातात धरून:
किल्ल्या दोन. एक गावभर वाटायची,
एक कोणालाच द्यायची नाही,
तुझ्या काकूलाही नाही.
"आणि कुंदे, हे कुलूप नाही.
पत्र उघडंच राहते, कोणीही वाचो.
फक्त कोणी बोट लावलं, तर कळते."
मी मीच, ते तेच, हे ठरवायला
फोनवर चाळीस अक्षरं वाचून दाखवली त्यांनी,
चार, सात, बी, नऊ,
मध्ये कुकरची शिट्टी,
पुन्हा पहिल्यापासून.

ते 'नांव' लिहीत, अनुस्वार देऊन, जुन्या वळणाचं.
एकदा पुढे धाडताना मी तो पुसला,
सवयीनं.
लाल पट्टी आली: सही जुळत नाही.
एका टिंबावरून!
मी हसले. मग पुसलेलं टिंब
हळूच होतं तिथे ठेवलं.

ऑगस्टात ते गेले.
मुलानं विचारलं, आत्या, बाबांचा परवलीचा शब्द?
घरातल्या तारखा लावून पाहिल्या, काकूंचं माहेरचं नाव,
पहिल्या स्कूटरचा नंबर.
नाही उघडलं. बरंच झालं.

काल रात्री जुनं पत्र काढलं, नऊवालं,
मागाहून सही करून सगळ्यांना पुन्हा पाठवलेलं.
यंत्र म्हणालं: सही बरोबर आहे.
खाली पिवळ्यात: किल्लीची मुदत संपली आहे.
एवढंच ते सांगू शकतं.
पक्षी खरंच नऊ होते का, ते त्याला ठाऊक नाही.
नऊ म्हणणारा कोण, ते ठाऊक आहे.

आज पहाटे पारडगावला धुकं होतं.
काठाशी चार. पलीकडे, गवताआड,
एक तपकिरी काहीतरी हललं,
पक्षी असेल, मडकं असेल.
मी लिहिलं: चक्रवाक चार, कदाचित पाच.
ते 'कदाचित' पुसावंसं वाटलं, दोनदा.
नाही पुसलं.
त्याच्यासकट सही केली,
आणि पाठवलं.