वर मेंढरं नसताना

लेसोथोत उतार म्हणजे
पुढच्या चढाकडून आणलेली उसनवारी,
संध्याकाळच्या आत फेडायची.
सकाळपासून तीन खिंडी झाल्या,
चाकाखाली खडी नव्हे, फोडलेला डोंगरच,
आणि माझं सामान: तंबू, पंप, दोन शर्ट,
अर्धा किलो खजूर
आणि पन्नाशीचे गुडघे,
जे सामानात धरायचे की शरीरात
हे अजून ठरलेलं नाही.

चौथ्या खिंडीच्या पोटात मागचा आरा तुटला.
टण्.
केवढासा आवाज, पण दरीने तो ऐकला
आणि उलट विचारला.

दगडावर बसून राहिलो.
शेजारी कोरफडीच्या कुळातलं एक झुडूप
स्वतःभोवतीच गिरकी घेत वाढलेलं.
मग कुत्रं आलं, मग काठी, मग घोंगडं,
आणि घोंगड्याच्या आत, सर्वांत शेवटी,
बारा-तेरा वर्षांचा मुलगा. पायांत रबरी बूट.
मागे शंभरेक मेंढ्या,
सगळ्यांना माझ्याबद्दल काही ना काही मत होतं.

मोएकेत्सी त्याचं नाव.
माठ घेताना मारतात तशी
एकेका आऱ्याला टिचकी मारत गेला,
कुठूनशी कुंपणाची तार आणली,
दातांत धरून वाकवली, पिळली.
चाक गोल झालं नाही.
चालेल इतकं झालं.
पैसे नको म्हणाला.
घंटी मात्र चाळीस वेळा वाजवली.

खालच्या वस्तीत एका झोपडीवर
उंच काठीला पांढरं फडकं.
मला वाटलं, शरणागती.
मोएकेत्सी हसला: ज्वारीची दारू तयार आहे.
दोन्ही अर्थ खरे निघाले.

दारू विकणारी त्याची मावशी, त्सेलेंग.
तिने पत्र्याचा डबा भरून आंबट फेस दिला,
मक्याचा घट्ट गोळा, त्यावर पालेभाजी.
ज्वारी आमच्याकडेही पिकते, मी सांगितलं,
आम्ही तिची भाकरी करतो.
"सगळीची?" तिने विचारलं.

मग मोएकेत्सीच्या शाळेतल्या इंग्रजीवरून,
त्या डगमगत्या साकवावरून, ती एकेक प्रश्न पाठवत राहिली.
वर तुझी मेंढरं आहेत?
नाहीत.
सासुरवाडी?
नाही.
मग?

मी नकाशा उलगडला.
खिंडींची उंची होती त्यात, झरे होते,
"मग"चं काही नव्हतं.
तिने तो उलटाच धरला, रेघेवरून बोट फिरवलं
आणि म्हणाली, त्सेलेंग म्हणजे रस्त्यात.
आई गाढवावर मका लादून खिंड उतरत होती,
एका वळणावर थांबली,
पुन्हा निघाली तेव्हा दोघी होत्या.
एवढं सांगून ती चुलीकडे वळली.
शेण्या विझत आल्या होत्या.

सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय.
मी सवयीने म्हणालो, "येतो."
मोएकेत्सीला अर्थ सांगितला, तर तो अडलाच.
इथे जाणारा म्हणतो, नीट राहा,
राहणारा म्हणतो, नीट जा.
येतो म्हणत जाणारा
त्यांच्या पाहण्यात नव्हता.
त्सेलेंगने माझ्याकडे, सायकलीकडे, वरच्या खिंडीकडे बघितलं.
"मग ये," म्हणाली.

चढ. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर,
पहिल्यावरून पायी.
कुंपणाची तार दर फेऱ्याला एकदा
चुक् करते.
ते वळण नेमकं कुठलं, विचारायचं राहूनच गेलं,
म्हणून प्रत्येक वळणावर घंटी वाजवत गेलो.
एकोणिसाव्याला खालून कुत्रं भुंकलं.
तेच असेल असं नाही.
तिथे सायकल आडवी केली
आणि पाणी प्यायलो.