होंडा ते साखळी

होंड्याचा तिठा सोडला तेव्हा काट्यावर
५१०५०९.
हिचं काही नाही, एकसष्टाने जाते, जाऊ दे.
मी पुढच्या बाकावर,
इंजिनाच्या गरम झाकणाला गुडघा लागू न देता.
साबाजी माजिकला गेल्या मंगळवारीच सांगून ठेवलेलं,
येतोय, लक्ष ठेव.
तो म्हणालेला, कोण? आरटीओ?

मग नवाचं पोट वर सरकलं
आणि खालून शून्य आलं.
पाच एक शून्य, पाच एक शून्य.
बहिऱ्याला पत्ता सांगावा तसं, दोनदा.

पाचशे दहाला हजार एकाचा आहेर.
वरचा तो रुपया आपण घालतो
पाकिटाचे दोन सारखे वाटे होऊ नयेत म्हणून,
पण सात, अकरा आणि तेरा
आधीपासूनच आत बसलेले असतात.
दोन, तीन, पाच, सतरा हे पाचशे दहाच्या घरचे.
सातही एकेकदाच.
एकापासून इथवर कुठल्याच संख्येच्या देवघरात
इतके वेगळे मूळपुरुष नाहीत.

भाजक एकशे अठ्ठावीस.
ती स्वतः सोडून बाकीच्यांची बेरीज
बारा लाख एकतीस हजार तीनशे चौदा,
स्वतःच्या दुपटीहून जास्त.
अशीला विपुल म्हणतात.
साबाजी म्हणाला, आमच्या मालकाचं तेंच,
गाडी एक, आनी वाटे गाडयेपरस व्हड.

आणि त्याने गाडी बाजूला घेतली. खरंच घेतली.
मिंगेलने दोनदा घंटी मारली.
काजूच्या बोंडांचं घमेलं मांडीवर धरलेली बाई
मागून ओरडली, बंद पडली काय रे?
ना गे, मास्तराची संख्या.

परत केन्ना?
पुढची एकोणीसपट.
शहाण्णव लाख नव्याण्णव हजार सहाशे नव्वद,
ह्या काट्याच्या सहा घरांत ती मावत नाही.
आणि फाटली?
तीस हजार तीस.
तो थोडा वेळ स्टेअरिंगवर बोटं वाजवत राहिला.
तेन्ना हांव खाणीच्या ट्रकार आशिल्लों, म्हणाला.
ती कोणे पळयली?

गाडीला सतरा वर्षं झाली.
वर्षाला सरासरी किती, हे मी त्याला सांगितलं नाही.
हिशेब इतका जुळत होता की मलाच भीती वाटली.

नंतर ५१०५११.
सातांपैकी कुणालाही हात लावू देत नाही,
दर वेळी बाकी एक.
मी तिकिटाच्या पाठीवर एकोणीस घातले. गेले.
उरल्याला तेवीस नाही, एकोणतीस नाही, एकतीस नाही,
पर्येच्या चढावर पेन्सिल हलली,
एक्केचाळीस पुन्हा केलं, नाहीच.
सत्त्याण्णवाने भाग गेला
तेव्हा वाळवंटीवरचा पूल आला होता.
दोनशे सत्त्याहत्तर. ती मूळच.
तीन अनोळखी माणसं, आमच्या यादीत नसलेली.

मान वर केली तर काटा
केव्हाच पुढे गेलेला,
आणि मिंगेल हात पुढे करून उभा,
मास्तर, दोन रुपये सुटे.